चव्वेचाळीस आलंच पाहिजे

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ज्याला 'वायूचा रेणुभार' ही चिठ्ठी निघते, तो विद्यार्थी वजनाच्या काट्याकडे बघत नाही, छायाताईकडे बघतो. बुलडाण्याच्या त्या कॉलेजातली ही जुनी रीत. छायाताई म्हणजे केमिस्ट्रीच्या लॅबची परिचर. हातात ओलं फडकं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. टेबल पुसत पुसत ती जवळ येते, भिंतीवरच्या थर्मामीटरवर एक नजर टाकते आणि ओठ न हलवता म्हणते, "तीसले पॉइंट आठशे चौऱ्याऐंशी." म्हणजे तीस डिग्री तापमानाला अर्धा लिटर वायूचं वजन इतके ग्रॅम लिही. आणि पुढच्या टेबलाकडे सरकते. विद्यार्थी तेवढं लिहून गणित करतो आणि उत्तर येतं चव्वेचाळीस. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार चव्वेचाळीस हे तर पुस्तकातच छापलंय. विद्यार्थी खूश, बाहेरून आलेले परीक्षक खूश, विभागप्रमुख भगवानराव सर खूश. काटा काय म्हणतो ते कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, ही तर सरळ कॉपी झाली. झालीच की! पण ज्या लॅबमध्ये काटा आणि पुस्तक यांचं कधी जमतच नाही, तिथं पोरांनी करायचं काय? खरं वजन करा, तर ते भरतं पॉइंट आठशे वीस. गणित करा, तर येतं चाळीस पॉइंट आठ. पुस्तक म्हणतं चव्वेचाळीस. मग सरांनी उत्तरावरून उलटं गणित करून तापमानाप्रमाणे वजनाचे आकडेच काढून ठेवले होते. अठ्ठावीस डिग्रीला आठशे नव्वद, तीसला आठशे चौऱ्याऐंशी, बत्तीसला आठशे एकोणऐंशी. तो कागद छायाताईच्या आधीच्या परिचराकडे, वामनरावांकडे होता. ते निवृत्त झाले आणि किल्ल्यांबरोबर तो कागद तिच्याकडे आला. सतरा वर्षं झाली. कागद केव्हाच फाटला, आकडे तोंडपाठ आहेत.

ह्या आकड्यांनी दुसऱ्यांचं भलं केलं असेल, छायाचं मात्र वाटोळं केलं. ते असं.

छाया मूळची मलकापूरची. घाटाखालची. तिची आई मंजुळाबाई सांगते की ही पोर पाच वर्षांची असताना काठोकाठ भरलेली दुधाची वाटी घेऊन उंबरा ओलांडायची आणि थेंब सांडायची नाही. बी.एस्सी.ला ती घाटावर, बुलडाण्याला आली आणि लॅबमध्ये पाय ठेवल्याठेवल्या तिला वाटलं, आपण आलो बरोबर जागी. ब्युरेट नावाच्या काचेच्या मापनळीच्या तोटीला लटकलेला अर्धा थेंब ती काचेच्या कडेला टेकवून अलगद उतरवायची. भगवानराव सर तेव्हा चाळिशीच्या आतले, कडक, पण तिच्यावर खूश. पोरी, तू एम.एस्सी.ला अमरावतीले जा, असं त्यांनीच तिला दोनदा सांगितलं होतं. आणि ती जाणारच होती. घरी बापाचा होकारही मिळाला होता.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला तिला नेमकी हीच चिठ्ठी निघाली. प्रयोग तसा साधा. अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमधली हवा पंपानं ओढून काढायची आणि फ्लास्कचं वजन करायचं. मग संगमरवराच्या तुकड्यांवर ॲसिड टाकून तयार केलेला वायू त्यात भरायचा, तोटी क्षणभर उघडून आतला दाब बाहेरच्या हवेइतका करायचा, पुन्हा वजन करायचं. दोन वजनांतला फरक म्हणजे वायूचं वजन. त्यावरून घनता काढायची, तिला तापमानानं गुणायचं, गॅसच्या ठरलेल्या स्थिरांकानं गुणायचं, आणि हवेच्या दाबानं भागायचं. दाब किती घ्यायचा? तो प्रयोगवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, छापलेलाच होता. सातशे साठ मिलिमीटर.

वामनराव फडकं घेऊन जवळ आले, त्यांनी तीस डिग्रीचा आकडा सांगितला. छायानं मान हलवली आणि तो घेतला नाही. कशाला घेईल? हाताचा गर्व होता ना तिला. तिनं तीनदा वजन केलं. तिन्ही वेळा आठशे वीस. तिनं तेच लिहिलं आणि उत्तर आलं चाळीस पॉइंट आठ. भगवानराव सरांनी वही पाहिली. परीक्षकांनी पाहिली. वर्गातल्या साऱ्यांचं चव्वेचाळीस आणि सगळ्यात हुशार पोरीचं चाळीस! सरांचा चेहराच उतरला. त्यांनी लाल पेनानं तिच्या जर्नलवर लिहिलं: 'हात कच्चा. काम निष्काळजीपणाचं.' मार्क कापले गेले. फर्स्ट क्लास चार मार्कांनी हुकला आणि अमरावतीची जागाही गेली. बापाला काय, निमित्तच हवं होतं. सर म्हणते हात कच्चा हाये, मंग पुढं शिकवून काय करता, असं म्हणून त्यानं त्याच उन्हाळ्यात देऊळघाटचं स्थळ पक्कं केलं.

बरं, माणसाला वाईट वाटतं आणि मग तो विसरतो. छायाला वाईट वाटलंच नाही, तिला ते पटलं. हीच तर खरी गंमत, आणि खरा वैतागही. देऊळघाटच्या घरी कपबशी फुटली, पोळी करपली, सुईत दोरा गेला नाही, की सासू काही बोलायच्या आत हीच म्हणायची, माहा हातच कच्चा. नवरा शेखर साधा माणूस. तो म्हणायचा, अवं, कप सगळ्यांकडूनच फुटते. तिला ते खरं वाटायचं नाही. लाल शाईत लिहिलेलं होतं ना!

वामनराव निवृत्त झाले तेव्हा भगवानराव सरांनी स्वतः देऊळघाटला निरोप धाडला. लॅबमध्ये जागा आहे, अकरा महिन्यांची ऑर्डर, दर वर्षी नवी निघते, येशील का? छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चुकूनही सरांनी आपल्याला लक्षात ठेवलं, असं तिला वाटलं. आणि ती आली. ज्या टेबलाशी उभं राहून ती कच्ची ठरली होती, तेच टेबल ती रोज पुसू लागली. आपल्यासारखं कोणत्या पोरीचं होऊ नये म्हणून ती वामनरावांचा आकडा प्रत्येकाच्या कानात सांगू लागली. पुण्याचं काम म्हणून करत होती हो ती!

ही झाली पहिली बारा वर्षं.

मग पाच वर्षांपूर्वी ती माहेराहून, मलकापूरहून परत येत होती. लेकीसाठी बसस्टँडवर वेफर्सचं एक पाकीट घेतलं होतं. चेपलेलं, मऊ. एसटी राजूर घाट चढून वर आली. नेहमीप्रमाणे तिच्या कानांत दडे बसले. घाट चढताना कान बसतात, आवंढा गिळला की उघडतात, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं आवंढा गिळला आणि पिशवीत हात घातला, तर पाकीट टम्म फुगलेलं. पुरीसारखं.

पाकीट तर बंद होतं. आत काही भरलं नव्हतं कोणी. मग ते फुगलं कशानं? बाहेरून दाबणारी हवाच कमी झाली असणार. छाया ते पाकीट मांडीवर घेऊन देऊळघाटच्या थांब्यापर्यंत त्याच्याकडे बघत बसली. उतरायचं राहून गेलं. कंडक्टर ओरडला.

लॅबच्या मागच्या कपाटाआड एक बॅरोमीटर आहे. लाकडी फळीवर बसवलेली, पाऱ्यानं भरलेली उंच काचेची नळी. हवेचा दाब मोजायचं ते यंत्र. त्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती: 'नादुरुस्त'. अक्षर भगवानराव सरांचं. तेही घाटाखालूनच या कॉलेजात आलेले. आल्या वर्षी त्यांनी बॅरोमीटर पाहिला, पारा शहात्तर सेंटिमीटरवर असायला हवा तर सत्तर पॉइंट पाचवर. त्यांनी नळी ठोकून पाहिली, हलवून पाहिली, पारा हलेना. झालं! चिठ्ठी लावली आणि डेड स्टॉकच्या रजिस्टरमध्ये टाकला. दरवर्षी स्टॉकची मोजणी व्हायची आणि दरवर्षी छाया स्वतःच्या हातानं त्याच्यापुढे 'नादुरुस्त' लिहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडल्यावर ती आधी कपाटामागं गेली. पारा सत्तर पॉइंट पाचवर. म्हणजे सातशे पाच मिलिमीटर. तिनं जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर आपलं परीक्षेतलं, आज एकवीस आणि तेव्हा सोळा वर्षांपूर्वीचं, वजन मांडलं. आठशे वीस. ते तिला कधीच विसरता आलं नव्हतं. सारं तसंच ठेवलं, फक्त सातशे साठच्या जागी सातशे पाच लिहून भागलं. उत्तर आलं त्रेचाळीस पॉइंट अठ्ठ्याण्णव. चव्वेचाळीसच म्हणा की.

आता ह्यात काही मोठं गुपित नव्हतं. घाटावर हवा विरळ, म्हणून फ्लास्कमध्ये वायूही थोडा कमीच मावणार आणि वजन कमीच भरणार. पण भागायचं मात्र समुद्राकाठच्या दाबानं. पंगतीला सात माणसं बसलेली असताना आठ जण धरून भाकरी वाटली, की प्रत्येकाच्या ताटात कमीच पडणार. त्यात भाकरी करणारीचा काय दोष? इतकं साधं! आणि ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ज्या यंत्रानं सांगितलं असतं, त्यालाच बिघडलेलं ठरवून ठेवलं होतं.

छाया स्टुलावर बसली. आधी तिला हसू आलं. मग तिनं आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले आणि पदर तोंडात धरून रडली. रडता रडता इतका संताप आला की समोरची परीक्षानळी फरशीवर आपटावीशी वाटली. आपटली नाही. तिच्या नावावर लागली असती.

सर आल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं. मनात एकच होतं. सर म्हणतील, छाया, तुह्या बाबतीत माझं चुकलं. एवढंच. सरांनी बॅरोमीटर पाहिला, कागद घेऊन स्वतः गणित केलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दार लोटून घेतलं.

"कोणाले सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कोणालेच नाही, सर."

"मंग नको सांगू. इतक्या वर्षांत किती पोरांचे मार्क म्या याच्यापायी कापले, याची चौकशी लागली तर मी काय तोंड दाखवू?" आणि थोडं थांबून, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "अन् आकडा तू बी तर सांगतच आली नं, छाया."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बारा वर्षं ती पोरांच्या कानात जे पुण्य ओतत होती, त्याची गाठ सरांनी एका वाक्यात तिच्याच गळ्याला मारली. पुढच्या वर्षी बघू, नवीन जर्नल छापताना दुरुस्त करू, असं सर शेवटी म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा पुढचं वर्ष आलं. ऑर्डर दर अकरा महिन्यांनी निघत होती, सरांच्याच सहीनं. आणि छाया सगळं माहीत असून आठशे चौऱ्याऐंशीच सांगत राहिली. माहीत नव्हतं तेव्हा तिला निदान झोप तरी लागायची.

अशी आणखी दोन-तीन वर्षं गेली आणि महामाया आली.

महामाया पिंपळगाव राजाची. तिचे वडील कचरूभाऊ गावात विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतात. वाइंडिंग भरून झालं की मोटार तीनदा चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा त्यांचा नेम. पोरगीही तशीच, कोणतीही गोष्ट तीनदा केल्याशिवाय लिहायची नाही. तिनं ब्युरेटच्या तोटीवरचा अर्धा थेंब काचेला टेकवून उतरवला, तेव्हा छायाताईच्या हातातलं फडकं थांबलं होतं. हा हात तिच्या ओळखीचा होता. पोरीला अमरावतीला एम.एस्सी. करायचं होतं. घरातली पहिलीच. फर्स्ट क्लास लागणार, तोही काठावर नको. छायाताई तिला लॅब बंद व्हायच्या वेळेनंतरही थांबू द्यायची आणि मनातल्या मनात एकच म्हणत राहायची, हिला ती चिठ्ठी निघू नये.

यंदाच्या मार्चमध्ये परीक्षा झाली. महामायानं टोपलीत हात घातला आणि तीच चिठ्ठी निघाली.

त्या दिवशी लॅबमध्ये तीस डिग्री होतं. छायाताई फडकं घेऊन गेली, टेबल पुसलं, हळूच म्हणाली, "तीसले आठशे चौऱ्याऐंशी." महामायानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिनं फ्लास्क भरला, वजन केलं. पुन्हा भरला, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. छायाताई दुसऱ्या टोकाला उभी होती, पण काट्यावर काय उमटत असेल ते तिला तिथूनही दिसत होतं. वेळ सरत आली. बाहेरचे परीक्षक घाटाखालच्या एका कॉलेजचे, ते सरांबरोबर चहा घेत बसले होते आणि मधूनच वह्या चाळत होते. महामायाची वही अजून कोरी होती.

छायाताई पुन्हा जवळ आली, तेव्हा पोरीचे कान लाल झाले होते.

"ताई, तिन्ही खेपेले आठशे वीसच आलं," ती पुटपुटली. "माह्यं काय चुकून राह्यलं?"

काय चुकलं! छायाताईनं सांगायचं तर सहाच शब्द होते. सातशे साठ खोड, सातशे पाच लिही. पण मग परीक्षक विचारणार, हे सातशे पाच कुठून आणलं? पोरगी बोट दाखवणार कपाटामागं, तिथं सरांच्या अक्षरात 'नादुरुस्त' लिहिलेलं. सर मान खाली घालणार, परीक्षक मार्क कापणार, आणि त्या जर्नलवर कोणीतरी लाल पेनानं तेच दोन शब्द लिहिणार. आणि सर निवृत्त व्हायला तीन महिने, त्यांच्या सहीची शेवटची ऑर्डर अजून निघायची होती. हेही छायाताईच्या मनात आलं. आलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

"तुह्यं चुकलं," ती म्हणाली. "आठशे चौऱ्याऐंशी लिही. मुकाट्यानं लिही, माये."

महामायानं तिच्याकडे पाहिलं. ज्या बाईवर दोन वर्षं भरवसा ठेवला, तीच सांगते आहे. तिनं मान खाली घातली आणि लिहिलं. उत्तर आलं चव्वेचाळीस. परीक्षकांनी पूर्ण मार्क दिले आणि सरांना म्हणाले, तुमच्याकडं पोरं हाताची चांगली हायेत.

निकाल लागला. महामायाला फर्स्ट क्लास मिळाला, वरच्या अंगानं. ती पेढे घेऊन आली ती दुपारची वेळ होती. लॅबमध्ये छायाताई एकटीच फ्लास्क धूत होती. पोरगीनं पेढा दिला, पाया पडायला वाकली आणि मग तिथंच स्टुलावर बसून राहिली. अमरावतीचा फॉर्म भरला का, असं छायाताईनं विचारलं. तिनं भरला नव्हता. बी.एड. करावं म्हणते, असं म्हणाली.

"काऊन?"

"एम.एस्सी.ले सारं प्रॅक्टिकलच असते, ताई. तिथं तुम्ही थोडीच असान आकडा सांगाले? तुम्ही वाचवलं मले त्या दिवशी. पण माहा हात कच्चा हाये, हे मले कळलं नं." हे ती सहज बोलली, जशी एखादी आपली उंची सांगते तशी.

छायाताईच्या हातातला फ्लास्क नळाखाली भरून वाहायला लागला. तिनं नळ बंद केला, फ्लास्क जाळीवर उपडा ठेवला, हात पुसले. मग पोरीच्या मनगटाला धरून तिला कपाटामागं नेलं. बॅरोमीटरवरची चिठ्ठी नखानं उचकटली. इतक्या वर्षांचा डिंक, पण एका ओढीत निघाली.

"वाच," ती म्हणाली. "पारा कुठं हाये ते सांग. अन् तुह्यं ते आठशे वीसवालं गणित कर."

महामायानं पारा वाचला. स्टुलावर बसून रजिस्टरच्या मागच्या पानावर गणित केलं. त्याच पानावर वर, जुन्या शाईत, तसंच एक गणित कोणीतरी केलेलं होतं आणि उत्तरही तेच होतं. तिनं तीनदा तपासलं. मग छायाताईनं आपल्या खणातून जुनं जर्नल काढून तिच्यापुढं ठेवलं आणि लाल शेरा दाखवला. काही सांगावं लागलं नाही.

पोरीनं जर्नल मिटलं.

"म्हंजे माहे पूर्ण मार्क खोटे हायेत," ती म्हणाली.

"हाव. अन् माहे कापलेले बी खोटेच होते."

"तुम्हाले कवापासून माहीत हाये?"

"पाच वर्षं झाली."

"मंग त्या दिवशी काऊन नाही सांगितलं?"

छायाताईनं किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला, सोडला. "मी भेली," ती म्हणाली. "तुह्यावर तो शेरा बसन म्हणून भेली. अन् माह्यासाठी बी भेली. पण तुह्या हातात काही खोट नाही, पोरी. तू फॉर्म भर. माह्यासारखी दुसऱ्याच्या लिहिण्यावर जाऊ नको."

महामाया उठली. रागावलेली होती, आणि तिनं ते लपवलं नाही. पेढ्यांचा पुडा तिथंच राहिला. जाता जाता ती दारापाशी थबकली. तिथं पुढच्या वर्षाच्या कोऱ्या जर्नलचा गठ्ठा आदल्याच दिवशी छापून आलेला होता, कमरेइतका उंच. तिनं वरचं एक उघडलं, सातशे साठ पाहिलं, मिटलं. मग मागं आली, छायाताईच्या बोटांतली ती पिवळी चिठ्ठी घेतली, टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीत बोट बुडवलं आणि चिठ्ठी त्या गठ्ठ्यावर नीट चिकटवली. 'नादुरुस्त'. आणि गेली.

छायाताई ती चिठ्ठी काढू शकली असती. संध्याकाळी कुलूप लावताना तिचा हात तिकडे गेलाही होता. मग तिनं तसंच कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी भगवानराव सर आले, गठ्ठ्यापाशी उभे राहिले. आपलंच अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. कपाटामागं जाऊन आले. छायाताई टेबल पुसत राहिली, पण आज तिची मान खाली नव्हती. हे कोणी केलं, असं ते विचारतील आणि आपण महामायाचं नाव घ्यायचं नाही, मीच केलं म्हणायचं, इतकं तिनं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी ते विचारलंच नाही. खुर्चीवर बसले. निवृत्तीला सव्वीस दिवस राहिलेला माणूस जेवढा म्हातारा दिसावा, त्याहून जास्त म्हातारे दिसत होते.

"छाया, तुह्यं जर्नल हाये का अजून?" त्यांनी विचारलं.

"हाये, सर."

"आण. मी तो शेरा खोडतो. सही करून देतो."

एकवीस वर्षं ती ह्याच वाक्याची वाट बघत होती. आणि ते आलं, तेव्हा तिला कळेना की आता त्याचं करायचं काय. ते खोडलेलं जर्नल घेऊन जायचं कुठं? बाप राहिला नव्हता. अमरावतीची वाट केव्हाच बंद झालेली. खण दोन पावलांवर होता, किल्ली कमरेला होती. ती जागची हलली नाही.

"माह्यं राहू द्या, सर," ती म्हणाली. "त्याच्यानं आता कोणाचं काही होत नाही. ते तिथलं खोडा."

सरांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. तीनशे जर्नल. खिशातून लाल पेन काढलं आणि टोपण उघडलं. छायाताईनं वरची दहा जर्नल उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि एकेक उघडून द्यायला लागली. सर सातशे साठवर रेघ मारायचे, बाजूला लिहायचे, 'दाब बॅरोमीटर पाहून लिहावा', खाली सही करायचे. ती ते बाजूला घ्यायची, शाई वाळेपर्यंत उघडं ठेवायची आणि पुढचं द्यायची. मध्येच सरांचा हात दुखून आला, त्यांनी बोटं मोडली आणि पुन्हा पेन धरलं. संध्याकाळपर्यंत एकशे दहा झाली. उरलेली उद्या करू, असं म्हणून सर उठले, आणि छायाताईनं लॅबचे दोन्ही दरवाजे बंद करून देऊळघाटची गाडी पकडली.